बजेट कमी होतं, ही सबब पुरेशी नाही

'अ‍ॅटलस श्रग्ड : पार्ट वन' हा चित्रपट 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेत सुमारे 300 पडद्यांवर लागला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरण्याची अमेरिकेतली ही नेहमीची मुदत, म्हणजे सरकारवर चिडलेला माणूस त्या दिवशी हमखास सापडणार. 2008च्या आर्थिक संकटानंतर सरकारी हस्तक्षेपाला कडाडून विरोध करणाऱ्या आयन रँड या लेखिकेच्या 1957 सालच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, तिचा खप पुन्हा वाढला होता. कर आणि सरकारी खर्चाला विरोध करणारी टी पार्टी चळवळ भरात होती आणि तिच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटाचा प्रचारही केला. चित्रपटाला इतका तयार प्रेक्षक क्वचितच मिळतो. तरीही अमेरिकेतल्या तिकीट खिडकीवर जेमतेम 46 लाख डॉलर जमले. खर्च सुमारे दोन कोटी डॉलरचा सांगितला गेला होता.

चित्रपट पडतात, त्यात नवल नाही. पण हा का पडला याची जी उत्तरं तेव्हा दिली गेली आणि आजही दिली जातात, ती मला मुळातच चुकीची वाटतात. एक उत्तर असं, की एवढ्या मोठ्या कादंबरीला पैसा अपुरा पडला. दुसरं असं, की विचार महत्त्वाचा असताना समीक्षक कलाकुसरीचे दोष काढत बसले. ही दोन्ही उत्तरं आपल्याकडेही रोज ऐकू येतात. आशय चांगला आहे, बिचाऱ्यांकडे पैसे नव्हते, सांभाळून घ्या. डिस्टोपियाच्या बाबतीत, म्हणजे 'असंच चालू राहिलं तर उद्या काय होईल' हे दाखवणाऱ्या कथेच्या बाबतीत, असं सांभाळून घेणं घातक आहे असं माझं मत आहे.

आधी पैशाचं पाहू. 2011 साली डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दोन कोटी डॉलर हे तेव्हाचे नव्वद कोटी रुपये होतात. दोन-तीन कोटी ही ज्या मराठी चित्रसृष्टीत त्या काळी मोठी रक्कम मानली जायची, तिथल्या माणसाने याला 'कमी' म्हणावं तरी कसं? हॉलिवूडच्या हिशेबात ते कमीच होतं, हे मान्य. हजारावर पानांची कादंबरी, त्यात रेल्वेचं जाळं, पोलादाचे कारखाने, तेलविहिरी आणि भविष्यातला देश. एवढा पसारा मोठ्या स्टुडिओने दहापट पैशांत उभा केला असता. पण पसारा उभा करायलाच हवा हे कोणी ठरवलं?

चित्रपट ज्या घाईत झाला, तीही लक्षात घेण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकापासून या कादंबरीवर पडद्यासाठी काही ना काही करायचे प्रयत्न चालू होते. 'द गॉडफादर'चे निर्माते अल्बर्ट रडी यांनी रँडशी बोलणी केली; पटकथेवर अंतिम शब्द आपलाच असावा असा तिचा आग्रह होता आणि ते फिसकटलं. 1982 साली ती वारली तेव्हा स्वतःच पटकथा लिहीत होती. पुढे 1992मध्ये जॉन अ‍ॅग्लिअलोरो या उद्योजकाने हक्क घेतले. व्यायामाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे ते प्रमुख, आणि रँडच्या विचारांचे निष्ठावंत. दरम्यान मोठ्या स्टुडिओचे आणि मोठ्या ताऱ्यांचे बेत झाले आणि मोडले. 2010च्या जूनमध्ये हक्कांची मुदत संपत आली, तेव्हा ती टळण्याच्या अगदी तोंडावर चित्रीकरण सुरू केलं गेलं. दिग्दर्शक पॉल योहान्सन यांची नेमणूक त्याआधी काही दिवसांवरची. पाच आठवड्यांच्या आसपास शूटिंग आटोपलं. अठरा वर्षं हातात असलेली गोष्ट शेवटच्या काही आठवड्यांत उरकली गेली. त्या अठरा वर्षांत पटकथेतले प्रश्न सोडवायला पैसा लागत नव्हता.

आता प्रत्यक्ष चित्रपट. काळ 2016चा, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकासाठी पाच वर्षांनंतरचा. तेलाची टंचाई आहे, पेट्रोल गॅलनला 37 डॉलरच्या वर गेलंय, विमानं परवडत नाहीत, म्हणून अमेरिकेचा गाडा पुन्हा रेल्वेवर आलाय. ही जुळवाजुळव का करावी लागली ते उघड आहे. रँडने कादंबरी लिहिली तेव्हा रेल्वे हा देशाचा कणा आहे हे वाचकाला सांगावं लागत नव्हतं. कथा 2016मध्ये आणायची तर विमानं आणि ट्रक आधी बाजूला काढायला हवेत. पण एकदा हे गृहीत धरलं की त्यातून पुढचे प्रश्न निघतात आणि चित्रपट त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. पेट्रोल इतकं महाग असेल तर शहरातलं रोजचं आयुष्य कसं चालतं? माणसं कामावर कशी जातात? भाजी, दूध, औषधं कशी येतात? आपल्याला दिसतात त्या मेजवान्या, उंची उपाहारगृहं, काचेच्या इमारतींमधली दालनं, आणि मोटारींतून फिरणारे उद्योगपती. बाहेर हलाखी आहे हे आपल्याला बातम्यांच्या तुकड्यांतून आणि रस्त्यावरच्या दोन-चार कंगालांवरून समजून घ्यायचं आहे.

कथेचा मुख्य धागा खरं तर साधा आणि ताकदीचा आहे. डॅग्नी टॅगार्ट ही रेल्वे कंपनीची कर्ती बाई. कोलोरॅडोकडे जाणारा तिचा मार्ग मोडकळीला आलाय, रूळ बदलायला हवेत. हँक रिअर्डन या कारखानदाराने पोलादापेक्षा हलका आणि मजबूत असा नवा धातू शोधलाय. तो वापरायचा की नाही यावरून सरकारदरबारी वशिला असलेल्या लोकांशी तिची झुंज. हा धागा धरून ठेवला असता तर चित्रपट उभा राहिला असता. नव्या रुळांवरून ताशी 250 मैलांनी जाणाऱ्या गाडीचा प्रसंग पाहा. संपूर्ण चित्रपटात तेवढ्यापुरता श्वास रोखला जातो, कारण तिथे आपल्याला नेमकं माहीत असतं की काय पणाला लागलं आहे. पूल टिकला तर ती जिंकली, पडला तर संपली.

त्याच्या आधी आणि नंतर मात्र नुसता गुंता आहे. रेल्वे कंपन्यांची संघटना एक नियम करते आणि एक प्रतिस्पर्धी कंपनी बंद पडते. सरकारी विज्ञानसंस्था धातूविरुद्ध निवेदन काढते. मग एका माणसाने एकच धंदा चालवावा असा कायदा येतो आणि रिअर्डनला आपल्या खाणी सोडाव्या लागतात. मेक्सिकोतल्या खाणींचं राष्ट्रीयीकरण होतं आणि त्या पोकळ निघतात. त्यांचा मालक फ्रान्सिस्को हा माणूस कोण, तो असा का वागतो, डॅग्नीचं त्याच्याशी काय होतं, हे कादंबरी न वाचलेल्याला कळणं अवघड आहे. दरम्यान टोपी आणि लांब कोट घातलेली एक सावली कर्तबगार माणसांना गाठते, चौकट गोठते, पडद्यावर नाव आणि बेपत्ता झाल्याची तारीख उमटते. असं पुनःपुन्हा होतं. शेवटच्या भागात कथा अचानक रहस्यशोधाकडे वळते, ओसाड कारखान्यात एक अजब मोटर सापडते, तिचा कर्ता कोण याचा शोध सुरू होतो आणि एका तेलक्षेत्राला आग लागून चित्रपट थांबतो. संपतो असं म्हणता येत नाही, कारण उरलेली उत्तरं पुढच्या दोन भागांत मिळायची होती.

यातला प्रत्येक कायदा कुणाला नेमकं काय करू देत नाही, हे प्रेक्षकाने संवादांतून वेचायचं. कायदे खोल्यांमध्ये ठरतात, पेले हातात घेतलेली माणसं त्यांची नावं घेतात आणि पुढच्या प्रसंगात त्यांचा परिणाम झालेला असतो. मधली पायरी गायब. आणि डिस्टोपियात ती मधली पायरी हेच तर सगळं काही असतं. हा कथाप्रकार मुळात एक सार्वजनिक युक्तिवाद आहे. 'हे केलं तर ते होईल, मग ते होईल, आणि शेवटी तुमच्या घरात हे घडेल' अशी ती साखळी असते. निबंधात ही साखळी वाक्यांनी जोडली जाते, चित्रपटात घटनांनी. त्यामुळे डिस्टोपियाचं कथानक विस्कळीत असणं हा केवळ कारागिरीचा दोष उरत नाही, तिथे युक्तिवादच तुटतो. 'विचार चांगला आहे, कथानक गोंधळलंय' असं या चित्रपटाबद्दल म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की मग तो विचार तुम्हाला चित्रपटात कुठे दिसला? तो तुम्ही घरून घेऊन आला होतात.

कमी पैशांत हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांसमोर सिनेमाचा इतिहास आहे. क्रिस मार्करचा 'ला जेते' 1962चा, 28 मिनिटांचा, आणि जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा. अणुयुद्धानंतरचं पॅरिस, तळघरात राहणारी माणसं, आणि एका बालपणीच्या आठवणीला घट्ट धरून बसल्यामुळे काळात मागे पाठवता येणारा एक कैदी. गोदारने 1965मध्ये 'अल्फाव्हिल' केला तेव्हा भविष्यातलं शहर बांधलं नाही. तेव्हाच्या पॅरिसमधल्या नव्या इमारती, जिने आणि दिवे रात्री टिपले. त्या शहरात एक संगणक राज्य करतो आणि भावना व्यक्त करणारा माणूस गुन्हेगार ठरतो. एवढा एक नियम पुरेसा आहे, कारण प्रत्येक प्रसंग त्या नियमाला जाऊन भिडतो. जॉर्ज लुकासचा 1971चा 'टीएचएक्स 1138' आठ लाख डॉलरच्या आत झाला आणि त्यातले काही प्रसंग सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या मेट्रोच्या तेव्हा अपूर्ण असलेल्या बोगद्यांत घेतलेले आहेत. भावना मारणारी औषधं सक्तीची. ती घेणं थांबवलं की माणूस काय होतो, एवढाच प्रश्न. 1979च्या पहिल्या 'मॅड मॅक्स'मध्ये तर ऑस्ट्रेलियातले रस्ते, जुन्या गाड्या आणि खचत चाललेली पोलीस यंत्रणा याशिवाय भविष्यकाळ फारसा नाहीच. हे सगळे चित्रपट मला सारखेच आवडतात असं नाही. गोदारचा संवादांचा सोस मला थकवतो. पण प्रत्येकाने आपल्या जगाचा नियम एका वाक्यात सांगता येईल इतका लहान ठेवला, आणि मग त्याची किंमत एका माणसाच्या अंगावर दाखवली. त्याला पैसा लागत नाही.

'अ‍ॅटलस श्रग्ड'कडे असा नियम होता. एका माणसाला एकच धंदा. यशस्वी झालास तर ते यश वाटून दे, नाहीतर बंद कर. हा नियम आपल्याला, भारतीयांना, कल्पनेतला वाटायचं कारणच नाही. 1951च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्यापासून आपल्याकडे कारखान्याने काय काढावं आणि किती काढावं हे परवान्यावर ठरत होतं. मंजूर क्षमतेपेक्षा जास्त उत्पादन केलं तर तो अपराध. 1969च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याने मोठ्या उद्योगसमूहांना वाढायचं तर वेगळी परवानगी लागू केली. आकुर्डीच्या कारखान्यातली स्कूटर मिळण्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. सिमेंट नियंत्रित होतं, घर बांधायचं तर परमिट काढावं लागे, आणि सिमेंटवाटपाच्याच प्रकरणात 1982च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. या काळाबद्दल आपली मतं वेगवेगळी असू शकतात. स्वातंत्र्यानंतरच्या गरीब देशात नियोजनाला पर्याय नव्हता असं प्रामाणिकपणे मानणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण रँडच्या बाजूने चित्रपट करायचा असेल तर तिचा सगळ्यात प्रभावी पुरावा या अनुभवात आहे: रांगेत, खिडकीवर, 'उद्या या' म्हणणाऱ्या कारकुनात, मिळालेलं परमिट काळ्या बाजारात विकणाऱ्या मध्यस्थात. त्याला ताशी 250 मैलांची गाडी लागत नाही. एक कचेरी, एक अर्ज आणि एक कंटाळलेला माणूस इतकं पुरतं. अमेरिकेतल्या निर्मात्यांना आपला इतिहास ठाऊक असावा अशी अपेक्षा नाही. पण कायदा लोकांपर्यंत कसा पोहोचतो हा प्रश्न त्यांना पडायलाच हवा होता.

हीच उणीव संपाच्या बाबतीत आणखी गंभीर होते. कादंबरीचं सुरुवातीचं नाव 'द स्ट्राइक' होतं. कल्पना अशी, की जगाचा भार वाहणारी बुद्धिमान, कर्तबगार माणसंच संपावर जातात आणि मग जग कोसळतं. पहिल्या भागाच्या शेवटी एलिस वायट आपल्या तेलविहिरी पेटवून निघून जातो, आणि डॅग्नी किंचाळते. आपण तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. पण त्या विहिरींवर काम करणारी माणसं कुठे आहेत? त्या रात्री त्यांचं काय झालं? 18 जानेवारी 1982पासून मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, आणि त्याचे घाव गिरणगावातल्या घरांनी पुढे कित्येक वर्षं सोसले. दोष कुणाचा यावर अजून वाद होतात. पण संप म्हणजे काय हे कळायला लालबाग-परळच्या चाळीत जावं लागतं, मालकाच्या दालनात थांबून ते कळत नाही, याबद्दल वाद नाही. रँडच्या अनुयायांकडे या प्रश्नाला त्यांचं उत्तर आहे: कामगारांच्या हालअपेष्टांना पळून गेलेला मालक जबाबदार नाही, त्याला पळवून लावणारा कायदा जबाबदार आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण ते उत्तर आहे, आणि गंभीर उत्तर आहे. मग ते पडद्यावर द्या. बेकार झालेला कामगार दाखवा आणि त्याच्यासमोर उभं राहून हे म्हणा. चित्रपट कामगाराला चौकटीतच घेत नाही, आणि त्यामुळे आपल्याच तत्त्वाची परीक्षा टाळतो. ज्याला आपल्या विचारावर विश्वास आहे त्याने तरी हे करू नये.

मग तो चित्रपट आवडलेले प्रेक्षक कोण होते? बहुतेक कादंबरीचे वाचक. त्यांना फ्रान्सिस्को ठाऊक होता, सावलीतला माणूस ठाऊक होता, कायद्यांची नावं पाठ होती. पडद्यावर जे नव्हतं ते त्यांनी स्मरणातून भरून काढलं. मराठी घरांतही या वाचकांची संख्या कमी नाही. रँडच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद आहेत, आणि कॉलेजच्या वयात तिने झपाटलेली मुलं प्रत्येक पिढीत असतात. अशा वाचनातून स्वतःच्या पायावर उभं राहण्याची जिद्द मिळालेल्यांची मला थट्टा करायची नाही. पण इशारा देणारी कथा ज्यांना आधीच पटलंय त्यांच्यापुरती राहिली, तर तिचं प्रयोजनच संपतं.

अनुयायांच्या या प्रेमाने निर्मात्यांचंही नुकसान केलं. प्रदर्शनानंतर दोन आठवड्यांच्या आत अ‍ॅग्लिअलोरो यांनी अपयशाचं खापर समीक्षकांवर फोडलं आणि पुढचे भाग करावेत का याबद्दल शंका बोलून दाखवली. त्याच वर्षी डीव्हीडीच्या वेष्टणावर या कथेचं वर्णन 'स्वार्थत्यागाची' कथा असं छापलं गेलं. रँडच्या तत्त्वज्ञानात स्वार्थत्याग हा सद्गुण नाही, दुर्गुण आहे. एक लाखावर वेष्टणं बदलावी लागली. ही छपाईतली चूक होती, आणि त्यावर तेव्हा जगभर हसं झालं. मला त्यात हसण्यापेक्षा काळजीचं जास्त दिसलं. चित्रपट पाहून त्याचं म्हणणं आपसूक कळत असतं, तर ते वेष्टण इतक्या हातांखालून न अडता पुढे गेलं असतं का?

तिसऱ्या भागासाठी 2013मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढली, तेव्हाही टीका झाली: स्वावलंबनाचा प्रचार करणारे हात कसे पसरतात? ही टीका मला अन्यायाची वाटते. रँडचा विरोध सक्तीला आहे, स्वखुशीने दिलेल्या पैशाला नाही. साडेतीन हजारांवर लोकांनी मिळून सव्वाचार लाख डॉलरच्या वर रक्कम दिली, ती मनापासून दिली. प्रश्न वेगळाच आहे. दोन चित्रपट फसल्यावर पैसे देणाऱ्यांपैकी कोणी पटकथेबद्दल विचारलं का? तिन्ही भागांत डॅग्नी वेगळी, रिअर्डन वेगळा, दिग्दर्शक वेगळा. दुसऱ्या भागाने 33 लाख डॉलर मिळवले, 2014च्या तिसऱ्याने दहा लाखांचाही टप्पा गाठला नाही. कादंबरीत साठेक पानं चालणारं, या संपाचा सूत्रधार जॉन गॉल्टचं भाषण तिथे काही मिनिटांत उरकलं आहे. ते सारा देश ऐकतोय असं आपल्याला सांगितलं जातं, पण तो देश आपण तीन चित्रपटांत पाहिलेलाच नसतो.

2022मध्ये 'डेली वायर' या अमेरिकी माध्यमसंस्थेने या कादंबरीचे हक्क घेऊन मालिका करण्याची घोषणा केली आहे. या वेळी तासांची कमतरता नसेल. पैसाही बहुधा जास्त असेल. त्यामुळे रेल्वे देखणी दिसेल, पोलादाची भट्टी खरी वाटेल. पण लेखकांच्या खोलीत पहिल्या दिवशी कुणीतरी फळ्यावर लिहायला हवं: कोलोरॅडोच्या मार्गावर रूळ टाकणाऱ्या माणसाची रोजी नव्या कायद्यानंतर किती झाली, त्याच्या घरी त्या आठवड्यात काय शिजलं, आणि मालक निघून गेल्यावर त्याने कुणाला दोष दिला. ही उत्तरं तयार असतील तर मी रँडशी असलेले माझे सगळे मतभेद घेऊन ती मालिका पाहायला बसेन.